अस्तराच्या शेततळ्यातही चिलापीचे नर जागा धरतात

अस्तराच्या, म्हणजे तळाला प्लास्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यात माती नाही, मग नराला खड्डा उकरता येत नाही, म्हणून चिलापी (तिलापिया) माशाची वीण होत नाही, हे मत बरोबर नाही. खड्डा म्हणजे अंड्यांचं घरटं नव्हेच. मादी अंडी टाकते न टाकते तोच तोंडात उचलते आणि दोन-तीन आठवडे तोंडातच सांभाळते. खड्डा ही नराची हद्द. पाझर तलावाच्या मऊ काठाला गुडघा-मांडीभर पाण्यात असे बशीसारखे खड्डे एकमेकांना खेटून असतात. जालना-बीडकडे ५०० मायक्रॉनच्या कागदावर माती नसली, तरी नर तळाचा तेवढाच तुकडा राखतो आणि वीण होते.

हद्द राखणारा नर ओळखू येतो: अंग काळं, गळा पांढुरका, परांची कड लाल. शेजारी आत घुसला की आधी पर ताठ, मग शेपटीचे फटकारे, तेवढ्याने भागलं नाही तर जबड्यात जबडा घालून ढकलाढकली. ताकदवान नर मूत्र साठवून ठेवतो आणि प्रतिस्पर्ध्यासमोर थोडं थोडं सोडतो. त्या वासानेच कमजोर नर मागे हटतात.

म्हणून तळ्यात नको असलेली वीण मोठे काळे नर जाळ्याने काढून थांबवायचा उपाय फसतो. जागा मोकळी होताच हरलेला फिकट नर रंग बदलून तिथे बसतो. बीज (तळ्यात सोडायची पिल्लं) घेतानाच फक्त नरांचं घ्या, आणि त्यात माद्या मिसळलेल्या नाहीत ना, याची खात्री करा.