टायरचा वेढा: समुद्रात बांध टाकूनही सात महिने काऊन लागले?

पूर्णाकाठ: साल इ.स.पू. ३३२. टायर म्हणजे आजच्या लेबनॉनमधलं जुनं बंदराचं शहर, तेव्हा बेटावर, किनाऱ्यापासून पाऊणेक किलोमीटर आत. सिकंदरानं भर टाकून रस्ता केला, एवढं समजलं. पण दगड जवळच, माणसं भरपूर. मग जानेवारी ते जुलै काऊन लागले जी?

मुरूम_गिट्टी: किनाऱ्याकडचं काम सोपं होतं भाऊ. पाणी उथळ, खाली गाळ. त्यात खुंट ठोकले की गाळच त्यांना धरे, अन् दगडांच्या सांधीही तोच भरे. दगड किनाऱ्यावरच्या जुन्या टायरच्या पाडलेल्या घरांचे, लाकूड लेबनॉनच्या डोंगरातलं. शहराच्या तटबंदीजवळ मात्र खोली तीन वाव, साडेपाच मीटर. तलावाची पाळ पाहिलीच असेल: उंची दुप्पट झाली की दोन्हीकडचा उतारही पसरतो, माल दुपटीच्या वर जातो. त्यात तटावरून बाण, बाजूनं शत्रूच्या नावा. म्हणून बांधाच्या टोकाला कातडी मढवलेले दोन बुरूज उभे केले.

राळ_गंधक: ते बुरूज टायरवाल्यांनी जाळले, अन् अक्कल पाहा! घोडे वाहायचं जहाज घेतलं, सुकं सरपण, राळ, गंधक भरलं. मागं वजन टाकलं, म्हणजे नाळ (जहाजाचं पुढचं टोक) उचलून बांधावर चढावी. डोलकाठ्यांच्या आडव्या लाकडांना जळत्या मालाच्या कढया टांगल्या. लाकूड जळून तुटलं की कढई पुढं पडणार. वारा बांधाकडे वळेपर्यंत थांबले, मग ओढत नेऊन पेटवलं.

पूर्णाकाठ: मग बांध रुंद करून जिंकला का?

मुरूम_गिट्टी: रुंद केला, पण त्यानं जिंकला नाही. बांधासमोरचा तट ग्रीक इतिहासकार एरियन दीडशे फूट उंच सांगतो (मले जास्त वाटते), अन् बंदरं मोकळी होती. फिनिशियाची (टायरभोवतालचा किनारी मुलूख) ऐंशीएक अन् सायप्रसची १२० जहाजं सिकंदराकडे आली, तेव्हा कुठं दोन्ही बंदरं कोंडली.
मग धडका मारायची यंत्रं जहाजांवर चढवली. तटाखाली टायरवाल्यांनी मोठाले दगड टाकून ठेवले होते, जहाज जवळ जाईना. दगड काढायचे तर जहाज नांगरावं लागे. पाणबुडे खालून नांगराचे दोर कापत. शेवटी दोराऐवजी साखळ्या लावल्या. दगडाला फास घालून उचलायचा, खोल पाण्यात सोडायचा. जागा मोकळी झाली, अन् भगदाड दक्षिणेच्या तटाला पडलं.

राळ_गंधक: नकाशावर बेट शोधू नका. बांधाला अडून वाळू साचत गेली, आता टायर जमिनीला जोडलेलं आहे.