विम्यापलीकडचे प्रश्न

मार्च २०२० मध्ये केंद्राने कोरोनाशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, म्हणजे रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांची पुरेशी काळजी घेतली गेली, असे एक मत मांडले जाते, ते मला अर्धेच पटते. तो विमा कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू होता, हे मान्य. परंतु तो मृत्यूनंतर मिळणारा होता, आजारपणात बुडालेला पगार किंवा उपचारांचा खर्च त्यात बसत नव्हता.

शिवाय कोल्हापुरापुरते बोलायचे तर जुलै २०२१ चा महापूर विसरून चालणार नाही. कोरोनाची दुसरी लाट इथे पुरती ओसरलेली नसतानाच पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. माझी मावसबहीण तेव्हा शहरातील एका खाजगी रुग्णालयात परिचारिका होती. हातकणंगल्याकडून पाळीवर येणाऱ्या सहकारी पलीकडेच अडकल्यामुळे उरलेल्या जणींना सलग पाळ्या कराव्या लागल्या. व्यवस्थापनाने झोपण्याची सोय केली, जेवण मात्र जवळच्या तालमीतील तरुणांनी पोहोचवले (कोल्हापुरात याचे नवल कुणाला वाटणार नाही). त्या जादा पाळ्यांचा मोबदला मागूनही मिळाला नाही, आणि पूर ओसरल्यावर त्यांतील काही अनुभवी परिचारिकांनी नोकरीच सोडली.