मदत हवी आहे: गाड्यांच्या महिन्याच्या आकड्यांवरून साठा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला आमचं छोटं प्रेस शॉप (पत्रा दाबून भाग काढायचं वर्कशॉप) आहे, गाडी कंपन्यांना भाग पुरवणाऱ्या एका व्हेंडरसाठी गाड्यांचे ब्रॅकेट काढतो. दर 1 तारखेला मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्राचे विक्रीचे आकडे येतात, पण ते डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे. गिऱ्हाईकाने खरंच किती नेल्या ते सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदणीतून कळतं. तिथे आपल्या एमएच-15 चे आकडेही निघतात. दोन्हींत तफावत वाढली की डीलरच्या यार्डात गाड्या साचतात, मग आमचं शेड्यूल (ठरलेली ऑर्डर) कापलं जातं. पत्रा तोवर भरलेला असतो आणि पोरांचा ओव्हरटाइम जातो, त्याचंच जास्त वाईट वाटतं. ‘फाडा’ ही डीलरांची संघटना साठ्याचे दिवस (यार्डातल्या गाड्या किती दिवस पुरतील ते) सांगते, पण सगळ्यांचे मिळून. कंपनीनुसार अंदाज कसा बांधायचा? सातपूर-अंबडच्या व्हेंडरांनी, शोरूमवाल्यांनी कृपया सांगा. दिवाळीचा पत्रा उचलायचाय.