उत्तर: २० जुने संगणक आणि लिनक्स

प्रश्न असा आहे की शाळेतल्या २० जुन्या संगणकांवर एकेक करून लिनक्स टाकावं का. माझं मत: नको. प्रत्येकाची देखभाल वेगळी होते आणि सहा महिन्यांत सगळी यंत्रं वेगवेगळ्या अवस्थेत असतात. त्याऐवजी एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट) वापरा. एकाच सर्व्हरवर डेबियन किंवा उबुंटू (हे लिनक्सचेच प्रकार) बसवायचं, बाकीचे नेटवर्कवरून सुरू होतात. त्यांना हार्ड डिस्कही लागत नाही.

प्रोग्राम मुलांच्या यंत्रावरच चालतात, त्यामुळे सर्व्हर फार दणकट नको. पण एसएसडी आणि गिगाबिट स्विच हवाच. १०० एमबीपीएसच्या स्विचवर सगळे एकदम सुरू केले की वर्ग ताटकळतो आणि दोष लिनक्सला जातो! मुलांच्या यंत्रात २ जीबी रॅम असावी, ब्राउझर त्याखाली गुदमरतो. डेस्कटॉप एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी असा हलका ठेवा.

अडतं कुठे? बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) नेटवर्क बूट, म्हणजे नेटवर्कवरून सुरू होणं, बंद असतं. नवीन सॉफ्टवेअर (जीकॉम्प्री, स्क्रॅच, जिओजेब्रा) टाकल्यावर 'एलटीएसपी इमेज /' ही आज्ञा (मुलांची यंत्रं वापरतात ती सर्व्हरची प्रत नव्याने बनवणारी) पुन्हा द्यायची राहते, मग ते मुलांना दिसतच नाही. नवीन विद्यार्थ्यांची खाती उघडल्यावर 'एलटीएसपी इनिटआरडी' चालवावं लागतं, नाहीतर लॉगिन होत नाही. राउटरचं डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) मात्र बंद करू नका. सर्व्हरवरचं डीएनएसमास्क (नेटवर्क बूट सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रॉक्सी पद्धतीने, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता, त्याच्यासोबत चालतं.

इंटरनेट बेभरवशाचं असेल तर त्याच सर्व्हरवर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं सॉफ्टवेअर) ठेवा, विकिपीडिया वर्गातच उघडेल.