पुनर्विकासात फाटकाबाहेरची झाडं वाचवायची आहेत, करारात काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

एरंडवण्यात प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत आमची तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डर ठरलाय, डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा वकिलांकडे आहे, सह्या बाकी आहेत. फाटकाबाहेर फुटपाथवर दोन मोठे पर्जन्यवृक्ष आणि एक बुचाचं झाड आहे. ती तोडायला कुणी अर्ज केलेला नाही. मला भीती आहे ती न तोडताच मरतील याची.

शेजारच्या प्लॉटवर तसंच झालं. बेसमेंटचा खड्डा थेट कंपाउंडपर्यंत नेला. जेसीबीने ओरबाडलेली मनगटाएवढी मुळं खड्ड्याच्या कडेतून लोंबत होती. बुंध्याला सळ्यांचे भारे टेकवलेले, मिक्सर धुतलेलं पाणी आळ्यातच सोडलेलं. झाड उभं होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेंडे वाळले. अन्नपाणी शोषणारी बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. ती गेल्यावर बाहेरून कितीही पाणी घाला. आणि एका बाजूचा आधार तुटलेलं झाड वळवाच्या वाऱ्यात रस्त्यावर आडवं होतं, तेव्हा खाली कोण असेल सांगता येत नाही.

१९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड 'तोडणे' यात त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढची झाडं हेरिटेज धरली जातात, आमचे पर्जन्यवृक्ष त्यात बसावेत. पण आमच्या सोसायटीच्या समितीचं म्हणणं एकच, "रस्त्यावरचं झाड महापालिकेचं, ते बघतील." इजा झाल्यावर तक्रार करून मुळं परत येत नाहीत, म्हणून मला सगळं आधी कागदावर हवं आहे.

कुणी करारात झाडांचं कलम घातलंय का? खोदाई बुंध्यापासून किती लांब थांबवायची हे कसं लिहिलंत? झाड वाळलं तर बिल्डरची काही रक्कम अडकवून ठेवता येते का, आणि किती वर्षं? झाडाचा जाणकार कुठल्या टप्प्यावर बोलावलात?

आणखी एक. नव्या नकाशात पार्किंगचा रॅम्प नेमका बुचासमोर उघडतो. मला तर खरा धोका तिथेच दिसतो, कारण उद्या 'गाड्यांना अडथळा' म्हणून अर्ज येणारच. नकाशा मंजुरीला जाण्याआधी रॅम्प सरकवून घेतलेलं कुणी आहे का? आर्किटेक्टला कसं पटवलंत?

येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. कलमाचा मसुदा असेल तर नावं खोडून इथे टाकलात तरी चालेल.