मुंबई–लंडन : अंतर एकच, वेळ वेगळा

प्रश्न असा की, मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरला, तर आठ तास पुरायला हवेत. मग तिकिटावर जाताना साडेनऊ-दहा आणि येताना नऊच्या आसपास तास का दिसतात?

7,200 हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले किमान अंतर आहे. प्रत्यक्ष हवाई मार्ग बंद वा वर्ज्य हवाई क्षेत्रांना वळसा घालतो. मुख्य कारण मात्र वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे हिवाळ्यात अधिक जोरकस होतात. समोरच्या आसनामागील पडद्यावर जाताना जमिनीसापेक्ष वेग 800च्या आसपास रेंगाळताना आणि परतीला 1,000च्या पुढे गेलेला मी स्वतः पाहिला आहे.

शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वीच्या घिरट्या त्यातच आल्या. आणि हो, तिकिटावरील वेळा स्थानिक असल्याने वजाबाकी करताना हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक धरावा.