ट्विन सिलिंडर स्पोर्ट्स गाडीचं मायलेज विचारायचं नसतं म्हणे, मग टाकी तरी मोठी द्या की

घाटवाट_पुणे
परवा आमच्या रायडिंगच्या ग्रुपवर एका पोरानं विचारलं, सेकंडहँड कावासाकी निंजा ३०० बघतोय, किती देते? झालं, दहा जण तुटून पडले त्याच्यावर, मायलेज बघायचंय तर शंभर सीसी घे, ज्याला पेट्रोलचा हिशोब करायचाय त्यानं दोन सिलिंडरच्या नादी लागू नये वगैरे वगैरे. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे हीच गाडी आहे, चार वर्षं झाली. २९६ सीसी, ३९ हॉर्सपॉवर, आरपीएमची सुई ११ हजारावर गेली की मग खरी जागी होते. पहिल्या दिवसापासून वहीत नोंद ठेवलीय, फुल टू फुल, अंदाजपंचे नाही. पुण्यात सिग्नल टू सिग्नल २२-२३ मिळतं. हायवेला ८५-९० धरून गेलो तर २९, कधी ३० पण. आणि तोच रस्ता ११५-१२० नी मारला की सरळ २४ वर येते. या गाडीची टाकी १७ लिटरची. म्हणजे वाईटात वाईट चालवली तरी साडेतीनशेच्या वर जाते, शांतपणे चालवली तर पावणेपाचशे.

माझं म्हणणं एवढंच आहे की "किती देते" हा प्रश्न अर्धा आहे, खरा प्रश्न "एका टाकीत किती जाते". आणि त्याचं उत्तर नव्या गाड्यांमध्ये बिघडत चाललंय. निंजाच ३०० ची ४०० झाली तेव्हा टाकी १७ ची १४ झाली. यामाहाची आर३ पण १४. आपल्या बारामतीत बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ तेराच्या आसपास. रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी ६५० साडेबारा. ताकद वाढली, टाकी घटली. हे कुणाला खटकत कसं नाही?

रेडलाइन_राजा
भावा नाही खटकत कारण ती स्पोर्ट्स बाइक आहे, पाण्याचा टँकर नाही. १७ लिटर पेट्रोल म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास वजन, तेही गाडीच्या वरच्या भागात. वळणावर गाडी आडवी करताना ते जाणवतं, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टाकताना तर फारच. टाकी आटोपशीर ठेवली की मांड्या नीट बसतात, ब्रेक मारताना गाडीला गुडघ्यांनी धरता येतं. आणि सलग ३५० किमी बसतो कोण? क्लिपऑन म्हणजे खाली बसवलेल्या हँडलवर वाकून दीडशे किमीला मनगटं बोलायला लागतात, चहाला थांबतोच ना, तिथंच पंपावर पाच मिनिटं. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर दर थोड्या अंतरावर पंप आहे. उगाच प्रॉब्लेम शोधून काढलायस.

घाटवाट_पुणे
@रेडलाइन_राजा वजनाचा मुद्दा मान्य, पण तुलना नीट कर. १३ आणि १७ मध्ये फरक चार लिटर, म्हणजे तीन किलो. मोठी टाकी अर्धी भरता येते, छोटी टाकी दीडपट भरता येत नाही. ट्रॅकवर जायचंय तर सहा लिटर टाकून जा, कोण नको म्हणतंय.

आणि पुणे-कोल्हापूर हायवेवरून जगाचा हिशोब लावू नकोस. आम्ही तिघं कोल्हापूरकडच्या मलकापूरवरून अणुस्कुरा घाटानं कोकणात राजापूरला उतरत होतो, एकाची दोन सिलिंडरचीच गाडी, नाव घेत नाही, टाकी लहान. मलकापुरात म्हणालो भरून घे, तर डिस्प्लेवर अजून ७० किमी दाखवतंय म्हणाला. घाटात सगळं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, त्यात धुकं. पाचलच्या अलीकडे गाडीनं दोन झटके दिले आणि बंद. पूर्वी निदान रिझर्व्हचा कॉक फिरवता यायचा, आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला तेही नाही. शेवटी माझ्या टाकीत नळी घालून तोंडानं ओढून दोन लिटर काढलं, बाटलीतून त्याच्या टाकीत ओतलं, अर्धा तास तोंडाला पेट्रोलचा वास. माझी निघतानाच फुल होती म्हणून काढता तरी आलं.

अण्णा_सोलापूर
पोरांनो, हा वाद माझ्या तरुणपणापासून चालू आहे. १९८३ साली एस्कॉर्ट्सनी यामाहाची आरडी ३५० राजदूत नावानं इथं आणली, टू स्ट्रोक, दोन सिलिंडर, एचटी म्हणजे हाय टॉर्क मॉडेल ३० हॉर्सपॉवरची. त्या काळात रस्त्यावर तशी दुसरी गाडीच नव्हती. पण पेट्रोल इतकं प्यायची की लोक शोरूममधूनच परत जायचे. मग मायलेज सुधारावं म्हणून ताकद कमी करून एलटी म्हणजे लो टॉर्क काढली, २७ ची. आज चाळीस वर्षांनी लोक काय शोधतात? एचटी. मायलेजच्या मागे लागून जी गाडी बांधली तिच्यासाठी कुणी जीव टाकत नाही. म्हणून माझं मत रेडलाइन यांच्या बाजूनं, अशा गाडीला हा प्रश्न लावला की कंपन्या इंजिनचा गळा आवळतात.

घाटवाट_पुणे
काका, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एलटीमध्ये इंजिनची ताकद काढली. मी इंजिनला हात लावा म्हणतच नाही, पिऊ दे तिला काय प्यायचं ते, फक्त टाकी मोठी द्या. रॉयल एनफिल्डनी तर एकाच ६४८ सीसी इंजिनवर दोन टाक्या दिल्या, इंटरसेप्टरला १३.७ आणि जीटीला साडेबारा. २५ नी धरलं तरी सवा लिटर म्हणजे ३० किमी. ३० किमी कोकणात एका पंपापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर असू शकतं.

सह्याद्री_राइड्स_७
सगळा दोष ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आहे. माझी २८ द्यायची, आता २२ वर आलीय. टाकी कितीही मोठी करा, आत काय भरताय ते बघा आधी.

चेनलूब
@सह्याद्री_राइड्स_७ ई२० नी पडतं हे खरं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे एक तृतीयांश ऊर्जा कमी. पण २८ चं २२ म्हणजे २१ टक्के झाले, तेवढं एकट्या ई२० नी होत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरलीय, म्हणजे तुमच्या २८ चं २७. उरलेलं तुमच्याच गाडीत शोधा. चेन कोरडी आहे का, मागच्या टायरला हवा किती, एअर फिल्टर शेवटचा कधी बदललात. आणि मोजता कसं हे सांगा, कारण निम्मे लोक तिथंच चुकतात.

मी गॅरेजमध्ये हेच बघतो रोज. साइड स्टँडवर गाडी तिरकी, नोझल ऑटो कट झालं की माणूस म्हणतो फुल. सरळ उभी केली तर अजून बरंच बसतं. एकदा तिरकी भरली आणि पुढच्या वेळी सरळ, की हिशोब गेलाच. गाडीवर बसून सरळ धरायची, टाकीच्या तोंडाच्या आतल्या पट्टीपर्यंत पेट्रोल दिसलं की थांबायचं, शक्यतो पंप पण तोच. अशा तीन टाक्यांची सरासरी काढा, मग बोला.

सह्याद्री_राइड्स_७
हवेचा मुद्दा बरोबर असेल, चेक करतो. पण आधी ट्रॅफिक पण एवढं नव्हतं, तेही आहे. ई२० वरचा राग मात्र जाणार नाही, कारण पैसे कमी झालेले नाहीत, शंभरच्या वरच देतोय लिटरला.

रेडलाइन_राजा
मोठ्या टाकीपेक्षा स्वस्त उपाय सांगतो, मनगट ढिलं सोडा. ९० चे १२० केले की हवेचा विरोध पावणेदोन पटीच्या वर जातो. घाटवाटनी स्वतःच लिहिलंय २९ चं २४ झालं. मग टाकीला का नावं ठेवायची? जोरात जायचं तर पंपावर थांबायचं, हा सौदा सरळ आहे.

मीनल_रत्नागिरी
सौदा सरळ आहे असं दिवसा वाटतं. मी एकटी फिरते, गाडी तीच निंजा ३००, आणि मला मोठी टाकी का हवी ते कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. गुहागरकडून परत येताना रात्री साडेनऊला छोट्या गावातला पंप बंद असतो, दिवा चालू, माणूस नाही. पुढचा पंप उघडा असेल का माहीत नाही. टाकीत सात-आठ लिटर असेल तर मी बघत पण नाही, सरळ निघून जाते. कुठं थांबायचं, कधी थांबायचं, उजेड असलेला पंप निवडायचा की नाही, हे मी ठरवते, काटा ठरवत नाही. सोबत चार गाड्या असताना नळी घालून पेट्रोल काढता येतं. एकटीला कोण देणार? मनगट ढिलं सोडा हा सल्ला ठीक आहे, पण अंधारात मागे कुणी लागलं तर मी ९० नी जाणार नाही.

रेडलाइन_राजा
मीनलताई, हा विचार खरंच माझ्या डोक्यात आला नव्हता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ट्रॅकसाठी माझं मत तेच, पण रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीसाठी तुमचं बरोबर.

अण्णा_सोलापूर
मला अजूनही वाटतं की गाडी बघताना आधी इंजिन बघावं. पण ताई म्हणतायत ते खरं आहे, आमच्या काळात एकटी मुलगी रात्री गाडीवर हा विषयच नव्हता, त्यामुळे आम्ही तसा विचार केला नाही.

नवीन_जीटीवाला
मी जुलैमध्ये मनाली-लेह करतोय, जीटी ६५०, टाकी साडेबारा. हे सगळं वाचून आता टेन्शन आलंय. वाटेत टांडीच्या पंपावर बोर्ड आहे म्हणतात, पुढचा पंप ३६५ किमी. माझी २५-२६ देते.

घाटवाट_पुणे
@नवीन_जीटीवाला साडेबारा गुणिले २५ म्हणजे ३१२, आणि तेही शेवटच्या थेंबापर्यंत, जे करायचंच नाही कारण इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनीच थंड राहतो. पुढं चढ आहे, खराब पट्टे आहेत, २५ धरू नकोस, २२ धर. ३६५ भागिले २२, साडेसोळा लिटर. म्हणजे वर पाच लिटर हवंच, पत्र्याचा कॅन घे, प्लॅस्टिकच्या बाटलीत पंपवाले देत नाहीत आणि देऊही नये. कॅन मागं घट्ट बांध, सायलेन्सरपासून लांब. वाटेत कुणी भेटलं तर आपलं दीड लिटर दान करायच्या भानगडीत पडू नकोस, तुझ्याकडेच पुरेल एवढंच असणार. आणि टांडीला भरताना गाडीवर बसून सरळ धर, साइड स्टँडवर नको.

नवीन_जीटीवाला
ओके दादा, कॅन उद्याच बघतो. तुझी निंजा येणार का सोबत?

घाटवाट_पुणे
सुट्टी मिळाली तर नक्की. कॅन मग एकच लागेल, तुझा.